पल्लवीची ना हरकत

१० नोव्हेंबर, सोमवार

पल्लवी आज हॉकीच्या सरावाला आली नाही. पिंगळीहून येणारी गाडी वेळेवर होती, म्हणजे गाडीचं कारण नाही. फोन बंद. सेंटर हाफ नसली की आपल्या टीमचे दोन तुकडे होतात. पुढच्या पोरी पुढं, मागच्या मागं, मधे नुसतं मोकळं रान. तासभर ओरडून घसा बसला. शाळेत चौथ्या तासापर्यंत आवाज नाही, पोरं खूश.

दुपारी देशमुख सरांचा फोन. नांदेडच्या क्लबला पल्लवी हवीय. बदल्यात त्यांची गोलकीपर देतो म्हणतात. सर एकदम उत्साहात. "रेखा, सोन्यासारखी संधी आहे. विचार कर."

बघू म्हणाले. भाजी करपली.

११ नोव्हेंबर

प. आली. काल कुठं होतीस विचारलं. "अंग दुखायलं व्हतं, मॅडम." डोळ्याला डोळा नाही.

मग खेळली. काय खेळली. दोघींच्या मधून बॉल काढून, न बघता डावीकडं पास. तिकडं आपलं कुणी आहे हे तिला कसं कळतं, सात वर्षं झाली, मला अजून समजलं नाही. बारा वर्षांची होती तेव्हा शाळांच्या स्पर्धेत खो-खो खेळताना बघितली होती. पळताना नाही, वळताना. तिथूनच मागून आणली. आता एकोणीस. एक दिवस अशी, दुसऱ्या दिवशी गायब. पोरीचा भरवसा धरावा की धरू नये, हेच

१६ नोव्हेंबर, रविवार

सरांच्या घरी बैठक. आम्ही तिघंच. सर अध्यक्ष, शेख वकील सचिव, मी कोच. जानेवारीच्या स्पर्धेसाठी खेळाडूंची यादी २४ डिसेंबरला जायची. यंदापासून फॉर्म तीन हंगामांचा. म्हणजे प.नं आपल्याकडं सही केली की तीन वर्षं इथंच. नाहीतर क्लबनं ना हरकत द्यायची आणि ती नांदेडला.

सर म्हणाले, गेल्या वर्षी सेमीफायनल कशानं गेली? गोलमुळं. आपली गोलकीपर लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून मी रोज नवी मुलगी गोलमधे उभी करते, हे खरंच आहे. "सेंटरला कुणीही घडवता येईल. गोलकीपर घडवायला पाच वर्षं लागतात. तुला तर माहीत असायला पाहिजे." (मला माहीत आहे. मी पंधरा वर्षं गोलमधे उभी होते.)

शेख वकील बिलकुल तयार नाहीत. "आपली पोरगी आपण घडवली न् ती दुसऱ्याला का म्हणून द्यायची, ताई? तीन वर्षांची सही घ्या, मामला खतम."

एक इकडं, एक तिकडं. राहिले मी. दोघंही माझ्याकडं बघत बसले. चहा पिऊन उठले.

घरी येऊन कपाट आवरायला काढलं. अर्धं आवरून तसंच सोडलं.

१९ नोव्हेंबर

गोलकीपर स्वतःच मैदानावर आली. जसबीर. सव्वीस वर्षांची, उंच, हातात स्वतःचे पॅड. मला वाटलं नांदेडवाल्यांनी दाखवायला पाठवली. तसं नाही. सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन परभणीतच आलीय. नवऱ्याचं मोटारीच्या पार्टचं दुकान जिंतूर रोडला.

"घर इथं, टीम तिथं. रोज जाणं-येणं जमत नाही, मॅडम. तुमच्याकडं खेळू द्या म्हटलं तर आमचे कोच म्हणतात, पल्लवी द्या, मंग सोडतो. नाहीतर हंगामभर घरी बस."

"घरचे काय म्हणतात?"

"सासूबाई म्हणतात, खेळ. त्यांनाच माझी जास्त फिकीर. घरात बसले की मी भांडते म्हणतात."

हसली. मी पण. मग म्हटलं, थांब, पॅड घाल.

प.नं एकामागून एक फटके मारले. आपल्या मुलींविरुद्ध ती मुद्दाम हळू मारते, कुणाला लागू नये म्हणून. आज दोन फटके हळू मारले, जसबीरनं पायानं नुसते ढकलले. तिसरा प.नं खरा मारला. अडवला. चौथा अडवला. पाचवा गेला. प.चा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता. घाम गाळत, दात दाखवत, "परत, दीदी, परत."

दोघी एका टीमला पाहिजेत. एवढं साधं आहे, आणि तेवढंच होणार नाही.

२० नोव्हेंबर

काल जे झालं त्यानं झोप नीट लागली नाही. मधल्या सुट्टीत नांदेडच्या कोचना फोन केला. जसबीरला अशीच सोडा, तिचं लग्न झालंय, ती इथं राहते. गृहस्थ चांगले बोलले. शेवटी म्हणाले, "मॅडम, तुम्ही माझ्या जागी असतात तर गोलकीपर फुकट सोडली असती का?"

नसती सोडली.

२३ नोव्हेंबर, रविवार

जिंतूरच्या कॉलेजच्या मुलींसोबत मैत्रीची मॅच. आपण ४-३. चारातले तीन गोल प.च्या पासवर. खाल्लेले तिन्ही गोल आपल्या कच्च्या गोलकीपरमुळं. मॅच संपल्यावर सर म्हणाले, "बघितलंस?" शेख वकील पण म्हणाले, "देखा?" दोघांनी एकच मॅच बघितली होती.

बसने परत. प. खिडकीशी, स्टिक मांडीवर. दोनदा वाटलं जाऊन शेजारी बसावं. बसले नाही.

प्रकाश म्हणतो, तू घरात असून नसल्यासारखी फिरायलीस. हा एसटी डेपोत दिवसभर गाड्या दुरुस्त करतो आणि घरी आल्यावर माझे आवाज ऐकून सांगतो कुठं बिघाड आहे. म्हटलं, मला ठरवता येईना. तो म्हणाला, "हॉकीचं का तुझं?"

मी ताटं घ्यायला उठले.

२७ नोव्हेंबर

प्रकाशचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून लिहूनच टाकते.

मी वीस वर्षांची. पुण्याच्या एका टीमनं मला मागितलं होतं. सरांनी ना हरकत दिली नाही. मैदानावरच, सगळ्यांसमोर, "आपल्याला गोलकीपर कुठून आणायची?" एवढंच. मला वेगळं बोलावून विचारलं नाही. घरी वडील म्हणाले, सरांना जास्त कळतं. मी पॅड घातले आणि गोलमधे जाऊन उभी राहिले. पुढं शिक्षण, नोकरी, प्रकाश, पोरगी. वाईट काहीच झालं नाही. सरांवर रागही धरला नाही, त्यांनीच पुढं मला कोच केलं. पण आजही पुण्याहून आलेली टीम बघितली की मी आधी त्यांची गोलकीपर बघते.

३० नोव्हेंबर, रविवार

सरांकडं गेले होते. आज विचारायचंच म्हणून. सर अंगणात उन्हात बसून तूर निवडत होते. काकू आत. बोलता बोलता काढलं.

"सर, मला त्या वेळी पुण्याला का नाही सोडलं?"

"कुठं पुण्याला?"

सांगितलं. कोणती टीम, कुठल्या मॅचनंतर, मैदानात कुठं उभे होते ते सुद्धा. सर ऐकत राहिले. चष्मा काढला.

"रेखा, मला खरंच आठवत नाही गं."

खोटं बोलणारा माणूस नाही हा. त्यामुळंच

चालत घरी आले. तीन किलोमीटर. वाटेत कोथिंबीर घेतली आणि दुकानातच विसरले.

१ डिसेंबर

प. पुन्हा गैरहजर. फोन बंद. जसबीर मात्र आली, कडेला उभं राहून स्वतःच व्यायाम करत होती. तिला आत घेऊ शकत नाही, बाहेर काढवत नाही. म्हणाली, "मॅडम, माझ्यामुळं त्या पोरीला जबरदस्तीनं पाठवू नका हां. मला बी कळतं." मग पाठ फिरवून पळायला लागली. तिनं हे म्हणायला नको होतं. आता अजून अवघड झालं.

३ डिसेंबर

कळलं. प. दोन्ही सोमवारी नांदेडला गेली होती. आपल्या टीममधल्या एकीनं सांगितलं, तिला स्टेशनवर दिसली. पिंगळीहून इकडची गाडी न धरता उलट दिशेची धरली. सरळ त्यांच्या मैदानावर.

पहिल्या सोमवारी सकाळी तर सरांचा मला फोनही आलेला नव्हता. म्हणजे पोरीला माझ्या आधी माहीत होतं.

राग आला. सात वर्षं. तिच्या पायाला पट्टी बांधली, तिला पहिले स्पाइक्स मीच घेऊन दिले, आणि ही मला अंग दुखतंय सांगते. स्टाफरूममधे वह्या तपासताना एका पोराच्या बरोबर उत्तराला फुली मारली. मग खोडून बरोबर केलं.

संध्याकाळी ठरवलं, जाऊ दे नांदेडला. सरांना फोन लावला. उचलला नाही त्यांनी. बरं झालं.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी पुतळ्याजवळ. गर्दी, सगळे पांढऱ्या कपड्यांत, बोलणं हळू. मेणबत्ती लावून मागं वळले तर प.ची आई. प. तिच्या मागं, मान खाली. आई पिंगळीच्या शाळेत खिचडी शिजवते, वडील गवंडी. मी त्यांच्या घरी गेले होते प.ला मागायला, त्या वेळी त्यांनी मला पाटावर बसवलं होतं.

बाजूला झालो. म्हणाल्या, "मॅडम, तुमची न् त्या लोकांची अदलाबदल चालू हाय म्हणं."

"ठरलं नाही अजून."

"तुमी हिला न्यायला आलता तवा आमाला इचारलं व्हतं. आता देताना बी इचारा की."

म्हटलं, "विचारतेच आहे. तुम्हाला काय वाटतं?"

"आमाला नका इचारू. आमाला तवा इचारलं कारण ती ल्हान व्हती. आता तिला इचारा."

प. सगळं ऐकत होती. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. गर्दी पुढं सरकली.

एक महिना होत आला. सर, वकील, जसबीर, नांदेडचे कोच, प्रकाश. सगळ्यांशी बोलले मी. हिच्याशी नाही.

७ डिसेंबर, रविवार

सरावानंतर प.ला थांबवलं. मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली बसलो. तिनं आधीच सांगून टाकलं.

"मी दोनदा नांदेडला जाऊन आले, मॅडम. खोटं बोलले."

"कामून?"

"तिथली एक पोरगी वळखीची हाय. ती म्हणाली, आमचे कोच तुला मागणार हायत. म्हणून बघून आले. तुमाला सांगितलं असतं तर तुमी रागवला असता. नाई तर रडला असता."

खरं आहे. दोन्हींतलं एक केलंच असतं.

तिथं काय बघितलं विचारलं. पोरगी बोलायला लागली तर थांबेना. त्यांच्याकडं सेंटरला आधीच दोघी आहेत, दोन्ही तिच्याहून मोठ्या. "मी गेले तर बाकावर बसंन. वर्षभर तरी. हॉस्टेलला ऱ्हावं लागंल. आईला येकटीला समदं पडंल."

"मग राहा इथंच."

ती बुटाच्या टोकानं माती उकरत बसली.

"मॅडम, राग धरू नका. इथं मला कुणी दमवतच नाई."

तीच पुढं, "तिथल्या पोरी पळत्यात कशा, ते बघून मला भ्या वाटलं. लय दिसानं वाटलं. जसबीरदीदीनं माझे फटके अडवले ना, त्या दिवशी बी तसंच. म्हणजे भ्या न्हाई, काय म्हनावं..."

तिनं स्टिक उचलून मांडीवर घेतली.

"जायचंय का तुला?"

"म्हाईत नाई."

"राहायचंय?"

"ते बी म्हाईत नाई. मी खरं सांगायले."

गाडीची वेळ झाली, गेली. मी तिथंच बसून राहिले. एवढा राग आला होता तो कुठं गेला कळलं नाही. ही माझ्यापेक्षा धाडसी आहे. मी पुणे बघायला सुद्धा गेले नव्हते.

१० डिसेंबर

सराव, शाळा, सराव. प. वेळेवर. जीव तोडून खेळते आणि अधूनमधून थांबून सगळ्या मैदानाकडं बघते. मला वाटतं मोजते काहीतरी. मीही मोजायला लागलेय.

१४ डिसेंबर, रविवार

बैठक. मी सांगितलं, माझं मत प.च्या मतावर. ती सांगेल ते.

सर चिडले. "एकोणीस वर्षांची पोर क्लबचा निर्णय घेणार? मग आपण तिघं कशाला?"

शेख वकील या वेळी सरांच्या बाजूनं. "ताई, पोरांना विचारून क्लब चालतात का? उद्या सगळ्याच विचारा म्हणतील."

"मग विचारू सगळ्यांना," मी म्हणाले.

"आणि ती गेली न् जानेवारीत आपण पहिल्याच मॅचला हरलो तर?" वकिलांनी विचारलं.

"हरू."

हे माझ्या तोंडून निघालं यावर मलाच विश्वास नाही. मी हरले की दोन दिवस जेवत नाही.

बैठक तशीच उठली, ठराव नाही. दारात मी चप्पल घालत होते तेव्हा सर म्हणाले, "आमच्या वेळी कुणी विचारत नव्हतं." म्हटलं, "माहीत आहे, सर." आवाज चढवला नव्हता. तरी त्यांचा हात दाराच्या कडीवर थांबला.

१८ डिसेंबर

अंग मोडून आलंय. ताप नाही. आज पहिल्यांदा नव्या मुलीला सेंटरला खेळवून बघितलं. पेडगावची, सतरा वर्षांची. चुकते, पण ओरडलं की ऐकते. प. कडेला उभी राहून तिला सांगत होती, "बॉलकडं नगो बघू, आपल्या पोरीकडं बघ." माझंच वाक्य. मी तिला कधी शिकवलं आठवत नाही.

मन दोन्हीकडं. प. राहावी असं वाटतं, आणि ती राहिली तर मी पण सरांसारखी, असंही. जसबीरचा नवरा सांगत होता, ती घरात दारासमोर उभी राहून भिंतीवर बॉल मारते, शेजारी तक्रार करायलेत. तिचंही एक वर्ष आहे यात. हे मी प.ला सांगितलं नाही. सांगावं का? सांगितलं तर ती जाईल, दीदीसाठी म्हणून. नाही सांगितलं तर मी लपवलं.

२० डिसेंबर, शनिवार

सांगितलं. प. म्हणाली, "म्हाईत हाय. दीदीनं सोताच सांगितलं. अन् म्हणाली माझा इचार करू नको."

या दोघी माझ्या पुढं पळतायत.

२२ डिसेंबर, सोमवार

दोन्ही कागद तयार केले. तीन हंगामांचा फॉर्म आणि ना हरकत. दोन्हींवर अध्यक्षांची सही लागते. सरांकडं नेले. ओरडतील म्हणून मनात सगळं जुळवून ठेवलं होतं.

सरांनी दोन्ही वाचले, पहिल्या अक्षरापासून. मग म्हणाले, "त्या दिवसापासून आठवायचा प्रयत्न करतोय. नाही आठवत. पण तू म्हणतेस म्हणजे झालं असणार." पेन शोधायला वेळ लागला. काकूंनी आणून दिलं. दोन्हींवर सही केली, एकावर तारीख विसरले, मी सांगितल्यावर घातली.

"तू पुण्याला चांगली खेळली असतीस," म्हणाले. कागद माझ्या हातात देताना, खाली बघून.

मी "येते सर" म्हणून निघाले. कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले थोडा वेळ. मग रिक्षा.

शेख वकिलांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "ताई, दोन्हींवर सही म्हणजे एकावरही नाही. कायद्यात असं बसत नाही." मग जरा थांबून, "पण ठीक आहे. जे येईल ते मी दाखल करतो."

२३ डिसेंबर, मंगळवार

प. शाळेत आली, मधल्या सुट्टीत. ग्राउंडवर पोरांचा गोंधळ, आम्ही पायऱ्यांवर. दोन्ही कागद तिला दिले. म्हटलं, एकावर सही कर, उद्या बारापर्यंत शेख वकिलांकडं पोचव. दुसरा फाडून टाक. मला आधी सांगायची गरज नाही.

"तुमाला काय वाटतं, मॅडम?"

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. चार दिवस उत्तर तयार करत होते, त्यातलं एकही वापरलं नाही. तिला पुण्याची गोष्ट सांगितली. जेवढी झाली तेवढीच. शेवटी म्हणाले, "मी राहिले. वाईट झालं असं नाही. पण मी ठरवलं नव्हतं."

"अन् गेला असता तर?"

"ते मला माहीत नाही. अजून नाही."

ती कागद वाचत होती. एकदा हा, एकदा तो. सरांच्या सह्या शेजारी शेजारी धरून बघितल्या. मग दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी दप्तरात. चेहऱ्यावरून काही कळेना. मैदानातही तिचा पास कुठं जाणार हे समोरच्या टीमला कधी कळत नाही.

"उद्या सराव हाय का?"

"आहे. सकाळी साडेसहाला."

"येते."

कशासाठी, निरोप घ्यायला का खेळायला, विचारलं नाही. घंटा झाली.

दुपारी जसबीरचा फोन, काय झालं. म्हटलं, उद्या. तिनं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

आता साडेपाच वाजलेत. प्रकाश यायचाय. उद्याच्या सरावाची यादी करायला घेतलीय. गोलमधे नावाऐवजी रेघ. सेंटरला रेघ. बाकी नऊ नावं लिहून झाली.